जोव्हीचा फ्लेक्स

तो पहिला फ्लेक्स मीच छापला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

साहित्याची पदवी घेऊन मी बाजारातल्या मनोय तिर्सोच्या, म्हणजे तिर्सोदादाच्या, दुकानात फ्लेक्सचा मजकूर टाईप करते. वाढदिवस, बाप्तिस्मा, श्रद्धांजली, आणि सगळ्यात जास्त अभिनंदनं. आमच्या सोर्सोगोन प्रांतात कोणी नर्स, शिक्षक किंवा इंजिनीअर होण्यासाठीची बोर्डाची परीक्षा पास झालं, की घराबाहेर फ्लेक्स लागलाच पाहिजे. पदवीच्या झग्यातला फोटो, नावाआधी ‘इंजि.’, कोपऱ्यात पुढाऱ्याचा चेहरा. निकालाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून माझी मैत्रीण जोव्ही हिची आई, तिया लोर्ना म्हणजे लोर्नामावशी, निकालाच्या आठ दिवस आधीच आली.

“इसाय, छापूनच ठेव गं. मी पलंगाखाली गुंडाळून ठेवते.”

“नाही झाली पास तर?” असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. जोव्ही आणि नापास हे शब्द माझ्या डोक्यात एका वाक्यात बसत नव्हते. शाळेत ती माझी गणितं सोडवायची, मी तिचे निबंध लिहायचे.

तिचे वडील ताताय एर्निंग गवंडी. आमच्या सान मातियास गावातली अर्धी घरं त्यांच्या हातची. पण नकाशावर सही करायला शहरातून कोणीतरी इंजिनीअर यायचा. पाच मिनिटं उभा राहायचा, नारळपाणी प्यायचा, सही करून जायचा. जोव्ही दहा वर्षांची असताना तिने वडिलांना विचारलं होतं, “घर तुम्ही बांधता. मग सही तो का करतो?” ताताय एर्निंग म्हणाले होते, “त्याच्याकडे परवाना आहे.” तेव्हापासून तिला तो परवाना हवा होता. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

फ्लेक्स पलंगाखाली राहिला नाही. आमच्या गावाचा कारभार बघणारे कप्तान सेनोन. फ्लेक्सवर त्यांचा चेहरा जोव्हीच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता. तसा निरोपच होता त्यांचा. शेजारच्या गावाच्या आधी आपला फ्लेक्स लागावा म्हणून निकालाच्या दिवशी सकाळीच त्यांची माणसं तो मागून घेऊन गेली आणि फाट्यावरच्या जीपथांब्यावर टांगून आली.

यादी दुपारी लागली.

मी तासाभराची सुट्टी घेऊन तिच्याच घरी होते. अंगणात नूडल्सची कढई उतरवली होती. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजत होती. तिया लोर्नाने मोबाईलवर यादी खाली सरकवली. एस्कालांते होता. एस्कानो होती. दोघांच्या मध्ये जोव्ही एस्कांदोर नव्हती.

तिने यादी पुन्हा वर नेली. पुन्हा खाली आणली. पुन्हा वर.

“नानाय, पुरे,” जोव्ही आईला म्हणाली. “मी तीनदा बघितली.”

शेजारच्या दुकानवाल्या तिया पासिंगने हळूच आपली बशी खाली ठेवली आणि उठली.

“तिया, बसा,” जोव्ही म्हणाली. “नूडल्स पास-नापास बघत नाहीत. खाऊन जा.”

ती स्वतः दोन बशा जेवली. मी मघापासून एकाच गोष्टीचा विचार करत होते. फाट्यावर तो फ्लेक्स अजून टांगलेला होता, आणि जीपमधून उतरणारा प्रत्येक माणूस तो वाचत होता.

संध्याकाळी कप्तानांचा माणूस तो फ्लेक्स घेऊन दुकानात आला.

“यातून कप्तानांचा चेहरा काढता येईल का?”

“छापलेला चेहरा कसा काढू?”

“कात्री असेल ना तुमच्याकडे.”

त्याने स्वतःच चौकोन कापला. चेहऱ्याची घडी करून खिशात घातली. उरलेला फ्लेक्स एस्कांदोरांच्या अंगणात टाकून गेला. दुसऱ्या दिवशी जोव्हीने तो कोंबड्यांच्या खुराड्यावर पसरला. भोक पडलं होतं तिथून एक कोंबडी मान बाहेर काढून बघायची.

तीन दिवसांनी मार्क कळले. अडुसष्ट पूर्णांक पस्तीस. पास व्हायला सत्तर लागतात.

त्याच सकाळी ती दुकानात आली.

“फ्लेक्स करायचाय. सहा बाय चार. तोच फोटो.”

“कशाचा?”

“घे लिहून. जोव्हेलिन एस्कांदोर. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या बोर्डात नापास. अडुसष्ट पूर्णांक पस्तीस. एप्रिलमध्ये पुन्हा.”

माझी बोटं थांबली. मनोय तिर्सोने यंत्राच्या मागून डोकं बाहेर काढलं.

“अगं, असं कोणी छापतं का? श्रद्धांजलीतसुद्धा आम्ही चांगलं लिहितो.”

“मी मेले नाही, मनोय.”

मी म्हणाले, “जोव्ही, जरा मऊ लिहू या. ‘वाटचाल सुरूच आहे’ किंवा...”

“तुझं साहित्य तुझ्याकडे ठेव. नापास लिही. मोठ्या अक्षरात.”

मी लिहिलं. पडद्यावर तो शब्द इतका मोठा पहिल्यांदाच बघत होते. फोटोत ती झग्यात हसत होती. खाली नापास. मनोय तिर्सोने छापून दिला आणि शाई वाळेपर्यंत एकटाच पुटपुटत राहिला.

घरी तिया लोर्ना शिडीसमोर आडवी उभी राहिली.

“जगाला ओरडून सांगायची काय गरज आहे?”

“जगाला निकालाच्या दिवशी सकाळीच सांगून झालं होतं, नानाय. तेही चुकीचं. मी दुरुस्ती करतेय.”

“लोक हसतील.”

“हसतातच आहेत. निदान माझ्या घरासमोर येऊन हसू देत. कोण हसतंय ते मला दिसेल.”

तिया लोर्ना रडत आत गेली. जोव्ही शिडीवर चढली. ताताय एर्निंग आत गेले आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आले, भिंतीची पातळी बघायची ती. एक टोक माझ्या हातात दिलं.

“डावीकडे बोटभर खाली आहे,” ते म्हणाले. “नापास असली म्हणून काय झालं? सरळ लाव.”

यावेळी ती शिकवणीसाठी लेगास्पी शहरात गेली नाही. ओसरीवर, त्या फ्लेक्सच्या बरोबर खाली, रस्त्याकडे तोंड करून टेबल टाकलं. इमारतींचा भाग तिला येत होताच. तो तिने लहानपणापासून वडिलांच्या हातात बघितला होता. परीक्षेत घात केला होता पाण्याने. पाईपातलं पाणी, कालव्यातलं पाणी, बांधावरून पडणारं पाणी. दुपारी ती शेतांच्या कालव्यावर जायची, पाण्यात नारळाच्या करवंट्या सोडायची आणि मी मोबाईलवर सेकंद मोजायचे. मग ओसरीवर बसून ती गणितं करायची. पुस्तकातलं उत्तर आणि कालव्यातलं उत्तर जुळलं नाही की शिव्या द्यायची. बहुतेक कालव्याला.

रस्त्याने जाणारे थांबायचे. तिया पासिंग दुकानातून ओरडायची, “काय इंजिनीअर, पाणी कुठवर आलं?”

पहिल्या महिन्यात ‘इंजिनीअर’ म्हणताना तिचा ओठ वाकडा असायचा. जोव्ही वर न बघता उत्तर द्यायची, “तुमच्या उंबऱ्यापर्यंत येईल, तिया. तुम्ही गटारात कचरा टाकता ना.”

जीपवाले वेग कमी करून विचारायचे, “झाले का सत्तर?”

“एक पूर्णांक पासष्ट कमी आहेत!”

“मी देऊ का दोन?”

“तुझ्याकडे कुठले? तू सहावीत दोनदा बसलास!”

जीपमधले सगळे हसायचे. ड्रायव्हर सगळ्यात मोठ्याने.

जानेवारीत एका सकाळी फ्लेक्सवर काळ्या मार्करने लिहिलेलं दिसलं. तिच्या फोटोखाली, ‘एप्रिलमध्ये पुन्हा’ या ओळीला जोडून: ‘नापास.’

एप्रिलमध्ये पुन्हा नापास.

तिया लोर्ना रॉकेल आणि फडकं घेऊन धावत आली. गेल्या दोन महिन्यांत तिने त्या फ्लेक्सकडे मान वर करून बघितलं नव्हतं. आता ती शिडी ओढत होती.

“राहू दे, नानाय.”

“राहू दे? कोणी मेल्याने...”

“राहू दे म्हटलं ना.”

ती टेबलाशी बसली. पुस्तक उघडलं. अर्ध्या तासाने मी बघितलं तर ती त्याच पानावर होती. कागद कोरा होता. पेन्सिल हातात तशीच होती.

“इसाय,” ती हळू म्हणाली, “त्याने लिहिलंय तेच झालं तर?”

 

ताताय एर्निंग पायरीवर बसून थापी घासत होते. ते न वळता म्हणाले, “स्लॅब टाकल्यावर आम्ही किती दिवस पाणी मारतो?”

“अठ्ठावीस,” जोव्ही म्हणाली.

“चौथ्या दिवशी कोणी त्यावर नाचलं आणि तडा गेला, तर स्लॅब वाईट?”

“नाही. नाचणारा गाढव.”

“मग? तू अजून ओली आहेस. पाणी मार.”

तिने नाक पुसलं आणि पेन्सिलला टोक केलं.

एप्रिल आला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गावातल्या सगळ्या आया संत क्लाराच्या मठात अंडी नेऊन देतात, पोरं पास व्हावीत म्हणून. नोव्हेंबरात तिया लोर्नाने डझनभर दिली होती.

“यावेळी अंडी मठात नको,” जोव्ही म्हणाली. “उकडून मला दे. पेपर मी लिहिणार आहे.”

“असं बोलू नये!”

शेवटी सहा मठात गेली, सहा जोव्हीच्या पोटात.

दोन दिवसांची परीक्षा देऊन ती लेगास्पीहून परतली आणि चौदा तास झोपली. कसा गेला पेपर, असं कोणी विचारलं नाही. निकालाच्या आठ दिवस आधी तिया लोर्ना दुकानात आली. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

“काही छापायचं नाही,” ती म्हणाली. “सहज आले होते.”

आणि गेली.

यादी याही वेळी दुपारीच लागली. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितली. एस्कालांतेच्या घरातलं कोणी नव्हतं. एस्कानो नव्हते. तिथे फक्त ती होती. एस्कांदोर, जोव्हेलिन. मी खुर्चीवरून उठले आणि का उठले ते विसरून तशीच उभी राहिले. मनोय तिर्सो म्हणाला, “अगं, पळ की!”

मी दारातून निघते तोच मोबाईल वाजला. कप्तानांचा नवा फोटो, नवा शर्ट. खाली निरोप: आठ बाय बारा करा, तातडीने.

मी पोचले तेव्हा ओसरीसमोर माणसं जमली होती. तिया लोर्ना सगळ्यांना मिठ्या मारत होती, तिया पासिंगलासुद्धा. एका जीपवाल्याने जीप रस्त्यात आडवी लावून हॉर्नवर हात ठेवला होता. मी जोव्हीला निरोप दाखवला. तिने वाचला. तेवढ्यात कप्तान स्वतःच आले, हात पसरून.

“इंजिनीअर! आपल्या गावाची शान! फाट्यावर असा मोठा फ्लेक्स लावू, की...”

“फ्लेक्स आहे माझा, कप्तान.” तिने वर बोट केलं.

“हा? हा काढून टाकू गं आता. शोभतो का?”

“हा लावला तेव्हा माझ्या शेजारी कोणाचा चेहरा नव्हता. आताही नको. तुम्हाला फारच वाटत असेल, तर खुराड्यावर तुमची जागा अजून रिकामी आहे.”

त्या क्षणी कोंबडीने त्या चौकोनातून मान काढली, हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. तिया पासिंग इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. कप्तानही शेवटी हसले. त्यांना दुसरं काही करता आलं नसतं.

जोव्हीने वडिलांच्या पेटीतून पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश काढला. शिडी लावली. मार्करचा तो शब्द तिने पुसला नाही, खोडलाही नाही. त्याच्या खाली लिहिलं:

नाही.

आणि त्याखाली, पहिल्यांदा, इंजि. जोव्हेलिन एस्कांदोर. नावाखाली लांब, वळणदार सही केली. ती सही तिने किती वर्षं घोटली होती, ते शाळेतल्या वह्यांची शेवटची पानं बघितलेल्या मला ठाऊक होतं.

ती खाली उतरली. ताताय एर्निंग शिडीच्या दोन पायऱ्या चढले. नळी आणली नाही. चष्मा नाकावर सरकवून ते ती सही बघत राहिले. मग त्यांनी अंगठा पुढे नेला.

“ताताय, हात नका लावू,” जोव्ही खालून ओरडली. “ओलं आहे अजून!”