एकूण आणि दरडोई यांतला फरक

जर्मनीला आपण लवकरच मागं टाकणार आहोत, तेव्हा तिकडं नर्स म्हणून जाण्यात काही अर्थ नाही, असं मी एका मुलीला सांगितलं. तिनं ते ऐकलं.

एरवी माझ्या चुका लांबलचक असतात. एकदा मी भलत्याच मांडवात शिरून पोटभर जेवलो आणि वर नवरदेवाला विचारलं, वडील आता कसे आहेत? वडील शेजारीच उभे होते, चांगले धडधाकट. असल्या गोष्टी चहाच्या टपरीवर सांगून मी बऱ्यापैकी हशा मिळवतो. ही जर्मनीची गोष्ट मात्र टपरीवर कधी काढली नाही.

मी कुरखेड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो. ‘एकूण उत्पन्न व दरडोई उत्पन्न यांतील फरक स्पष्ट करा’ हा माझा लाडका प्रश्न. पुस्तकातली व्याख्या पोरांच्या डोक्यावरून जायची, म्हणून मी मोहफुलं आणली होती. म्हणजे उदाहरणात. एका घरात वीस माणसं, त्यांनी मिळून बारा टोपल्या मोहफुलं वेचली. दुसऱ्या घरात चारच माणसं, त्यांच्या दहा टोपल्या झाल्या. गावात पहिला नंबर कोणाचा? वर्ग ओरडायचा, वीसवाल्यांचा! आणि भरल्या पोटी झोपतं कोण? मग वर्ग गप्प बसायचा. मला ती शांतता फार आवडायची. आपण मोठे शिक्षक आहोत असं वाटायचं.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "पन सर, चारवाल्या घरात चारी म्हातारेच असले, तं पुढच्या साली मोहा वेचाले जाईन कोन?"

पोरं हसली. "ते अभ्यासक्रमात नाही, खाली बस," मी म्हणालो. श्रीमंत देशांचं सगळं दुखणं तिनं एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी तिला खाली बसवलं.

पुढं ती नर्स झाली. ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर लागली. राहायची आमच्याच गल्लीच्या टोकाला, आईजवळ. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई धानाच्या रोवणीला जायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. म्हाताऱ्यांनी भरलेल्या जर्मनीला नर्सा हव्या होत्या, आणि ही मोबाइलवरच्या वर्गात जर्मन शिकू लागली. पण नेटवर्क तिच्या घरात येईना. ते यायचं फक्त माझ्या ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात. त्यामुळं ती रोज संध्याकाळी यायची, आधी माझं बीपी तपासायची, मीठ कमी करा म्हणून दटावायची आणि मग कोपऱ्यात वही घेऊन बसायची. बायको गेल्यापासून मला मिठावरून रागवणारं दुसरं कोणी नव्हतं.

"सर, जर्मन आपल्यासारखीच हाय. तो, ती, ते," ती सांगायची. "चमचा तिकडंबी ‘तो’च. चाकू मात्र ‘ते’."

"आणि मुलगी?"

"मुलगीबी ‘ते’!"

"मग तिकडं जाऊन तू ‘ते’ होणार?" मी म्हणायचो आणि ती इतकी हसायची की मोबाइलमधून शिकवणाऱ्या जर्मन बाई ओरडायच्या. काय ओरडायच्या ते मला कळत नसे, पण ऐकायला बरं वाटायचं.

परीक्षा ती पास झाली. रुग्णालय ठरलं, राहायची सोय ठरली. तिकडून नोकरीचा कागद आला, फक्त सही करून पाठवायचा राहिला.

नेमकी त्याच दिवशी टीव्हीवर बातमी आली, आपल्या अर्थव्यवस्थेनं जपानला मागं टाकलं, आता पुढं जर्मनीच. टपरीवर मी दोन तास भाषण ठोकलं. इंग्रजांना कधीच ओलांडलं, जपानला ओलांडलं, जर्मनी किती दिवस टिकते बघा! कोणी विचारत नव्हतं, तरी मी उत्तरं देत होतो. छाती पुढं काढून घरी आलो, तर ओसरीवर मायलेकी बसलेल्या.

आईनं कागद माझ्यासमोर धरला. "सर, तुमी शिकलेले मानसं. सांगा, पोरीले धाडू का नाई?"

मी अजून टपरीवरच होतो. "अवं बाई, तो देश मागं पडून राह्यला! दोन-तीन वर्षांत आपण त्याच्या पुढं. मागं राहणाऱ्या गाडीत काऊन चढवता पोरीले? उद्या तेच लोक येतील इकडं, काम मागत."

मुलीनं वर पाहिलं. "एकूण का दरडोई, सर?"

असं तिनं मला विचारलं. मी शिकवलेला प्रश्न, माझ्याच ओसरीवर. आणि मी काय म्हणालो? "ते पुस्तकातलं असतं."

तिनं आईकडं पाहिलं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. सरांनीच सांगितलं म्हटल्यावर पोरगी जवळ राहणार. मुलीनं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि वहीत ठेवली.

तिच्याबरोबर शिकणाऱ्या मुली जर्मनीला गेल्या. पुढच्या वर्षी तिचं इथलं कंत्राट वाढलं नाही. वरून आदेश आला नाही एवढंच कळलं. तिनं पुन्हा जर्मनीचं पाहिलं, तर तिकडच्यांना भाषेची परीक्षा नव्यानं हवी होती. बोलण्याच्या भागात ती दोनदा नापास झाली. मोबाइलवरचा वर्ग सुटलेला, जर्मन बोलणार कोणाशी? शेवटी चंद्रपूरला एका खासगी दवाखान्यात लागली. चार मुली मिळून एका खोलीत राहतात.

एकदा मी मोबाइलवर देशांची दरडोई यादी उघडली. जर्मनी वरच सापडली. आपण सापडेपर्यंत माझा अंगठा दुखायला लागला. ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात बसूनच ती यादी पाहिली. नेटवर्क तिथं अजून चांगलं येतं.

गेल्या हिवाळ्यात मला हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं. गाडीवाल्यानं चंद्रपूरला नेऊन सोडलं ते नेमकं तिच्या दवाखान्यात. पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून पडलो होतो, तोच ती सलाइनची बाटली घेऊन आली. वाळली होती. एका मजल्यावरच्या सगळ्या खाटा तिच्या एकटीकडं. बोलताना तिचं लक्ष पलीकडच्या खाटेवर.

"सर, तुमी? हात द्या."

मी हात दिला आणि सुई टोचायच्या आत सांगून टाकलं. म्हटलं, माझं चुकलं. एकूण आकड्याच्या नशेत होतो. दरडोई पाहायला हवं होतं, सगळ्यांना शिकवलं आणि स्वतः विसरलो.

"विसरले नवते तुमी," शीर शोधत ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं."

"मग ऐकलंस काऊन?"

तिनं सुई घातली, पट्टी चिकटवली, बाटलीतला थेंब पडतो का ते पाहिलं. पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. "आली, आली," ती म्हणाली, आणि जाता जाता माझ्याकडं वळली.

"सर, तुमाले एकटं वाटून राह्यलं होतं तं तसं सांगाचं होतं. जर्मनीले काऊन मधात आनलं?"