बेहालाच्या माशीमा

माशीमा नेहमी सगळ्यात लांब रांगेत उभ्या राहायच्या. शेजारची खिडकी रिकामी असली तरीही.

बढतीवर बदली होऊन मी कोलकात्यात, बँकेच्या बेहालाच्या शाखेत मॅनेजर म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात त्या मला केबिनच्या काचेतून दिसल्या. पिकलेले केस, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आपला नंबर जवळ आला की मागच्या माणसाला हातानं खूण करून त्या पुढे जाऊ देत होत्या. बाई गोंधळल्या असाव्यात, असं वाटून मी बाहेर आले आणि हिंदीत म्हणाले, "माँजी, उस खिड़की पर आइए, वहाँ कोई नहीं है." त्यांनी केबिनच्या दारावरची पाटी वाचली, माझं आडनाव पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "अगं, तिकडे कुणी नाही म्हणून तर इथे उभी आहे. छोट्या रांगेत माणसं नुसती पुढे बघतात. रांग लांब असली की एकमेकांकडे बघायला लागतात."

त्यांच्या पुढच्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि ती हकीकत अर्धीच सांगून झाली होती. ती पूर्ण ऐकल्याशिवाय माशीमा बँकेतून हलल्या नाहीत.

त्यांचं हे नाव मराठी नव्हे. बंगालीत मावशीला माशी म्हणतात, आणि आदरानं माशीमा. सगळा मोहल्ला त्यांना तशीच हाक मारी. "इतकी वर्षं माणूस म्हणून जगले आणि इथे येऊन माशी झाले," असं त्या मला म्हणाल्या होत्या. "पण चुकलं नाही हो त्यांचं. कुठेही जाऊन बसते." मी सुरुवातीला त्यांना काकू म्हणायचे. महिनाभरात मीही माशीमा म्हणू लागले.

त्यांचे यजमान कस्टममध्ये, खिदिरपूरच्या गोदीवर नोकरीला होते. बदलीचे दिवस संपल्यावर बाकीची मराठी कुटुंबं परत गेली, ही दोघं मात्र बेहालात घर घेऊन राहिली. यजमान गेले, मुलगा प्रसाद पुण्यात स्थिरावला, आणि माशीमा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकट्या राहत होत्या. एकट्या म्हणजे फक्त झोपायच्या वेळेला. एरवी त्या घरात सापडणं अवघड होतं.

सकाळी त्या मासळीबाजारात जात. स्वतः पक्क्या शाकाहारी. तिथल्या मासे विकणाऱ्या बापीदांनी त्यांच्यासाठी एक मोढा, वेताचं बुटकं बैठं, ठेवला होता. त्यावर बसून त्या गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकायच्या. मी विचारलं, "वास नाही का येत?" तर म्हणाल्या, "येतो ना. पण इलिश मासा खराखुरा नदीचा आहे की नाही, यावर दोन शहाणी माणसं किती वेळ वाद घालू शकतात, हे ऐकायला मिळतं. ते घरी कुठे मिळायचं?" कधी कधी तो वाद माशीमांपुढे निवाड्याला यायचा. आयुष्यात मासा न चाखलेल्या त्या बाई डोळे बारीक करून माशाकडे बघत आणि गंभीरपणे मान डोलवत. ती मान होकाराची की नकाराची हे कुणालाच कळत नसे, त्यामुळे दोन्ही पक्ष समाधानानं घरी जात.

त्यांचं बंगाली हा मोहल्ल्याच्या करमणुकीचा विषय होता. शब्द बंगाली, बांधणी मराठी. लिंगभेद नसलेल्या त्या भाषेत त्या रेटून लिंगभेद आणत. रिक्षावाले, औषधवाले, मिठाईच्या दुकानातला पोरगेला मालक, सगळे हसत आणि त्याही हसत. सुधारायचा प्रयत्न मात्र करत नसत. "सुधारलं तर माझ्याशी कोण बोलेल?" असं त्यांचं म्हणणं.

बेहालाची मेट्रो सुरू झाली तेव्हा मला एका रविवारी त्या घेऊन गेल्या. कुठे जायचं, विचारलं तर म्हणाल्या, "कुठे नाही. शेवटपर्यंत आणि परत." गाडी रस्त्याच्या वरून धावते, दोन्ही बाजूंना गच्च्या दिसतात. लोणच्याच्या बरण्या, पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत अभ्यास करणारी मुलं, केस वाळवणाऱ्या बायका. एका ठिकाणी त्यांनी माझा हात धरून दाखवलं, "ती बघ, हिरवी. माझी साडी." आपल्याच गच्चीवर आपलीच साडी वाळताना बघायला त्यांनी तिकीट काढलं होतं. "घरात राहून आपलं घर कधी दिसतच नाही," असं म्हणून त्या उरलेला प्रवास खुशीत खिडकीबाहेर बघत बसल्या.

मी मात्र त्या दिवसांत खूश नव्हते. नाशिकला आई एकटी, इथली शाखा वसुलीत मागे, रोज वरून फोन. बढती परत करून मूळ जागी जाता येतं का, याची मी चौकशीसुद्धा केली होती. एका शनिवारी गोदीपलीकडच्या शाखेत आमच्या साहेबांनी बैठक ठेवली होती. माशीमा टॅक्सीत माझ्याबरोबर आल्या. "मला तिकडे काही काम नाही, म्हणूनच येते," म्हणाल्या. खिदिरपूरला पोहोचतो तोच पूल वर उचलला गेला. गोदीत जहाज शिरायचं असलं की तिथला रस्ताच उभा राहतो आणि दोन्हीकडची वाहतूक ठप्प होते. मी घड्याळ बघत होते, फोन लावत होते, ड्रायव्हरला दुसरा रस्ता विचारत होते.

माशीमा दार उघडून उतरल्या आणि मातीच्या कुल्हडात चहा घेऊन आल्या. "घे. मोठं माणूस चाललंय, आधी जाऊ दे त्याला."

"माशीमा, माझी नोकरी जाईल."

"जहाजामुळे गेली असं सांगता येईल. रुबाबदार कारण आहे."

मला हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही. समोरून ते जहाज खरोखरच गेलं. घरांच्या मधून, दुकानांच्या पाट्यांच्या मागून, एखादी चार मजली इमारत सावकाश निघावी तसं. कठड्याशी टेकलेला एक खलाशी आमच्याकडे बघून हात हलवत होता आणि रस्त्यावरची सगळी अडकलेली माणसं, मघापर्यंत वैतागलेली, त्याला हात हलवत होती. मीही हलवला. मग लक्ष गेलं, तर दोन गाड्या सोडून आमचे साहेबही हातात कुल्हड घेऊन उभे होते आणि हात हलवत होते. आमची नजरानजर झाली. बैठक उशिरा सुरू झाली आणि त्या दिवशी कुणी कुणावर ओरडलं नाही.

परत येताना मी विचारलं, "तुम्हाला कधीच कशाचा त्रास होत नाही का?"

"मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सहा महिने रडत होते," त्या म्हणाल्या. "भाषा येईना, घामानं जीव जाई, शेजारून मोहरीच्या तेलाचा वास. हे संध्याकाळी घरी आले की मी तोंड फिरवून बसायचे. समजूत कधी काढली नाही त्यांनी. नुसतं विचारायचे, 'सांग, आज काय पाहिलंस?' मी काहीबाही बनवून सांगायचे. एकदा ट्राममधल्या बाईची गोष्ट सांगितली. हे म्हणाले, 'त्या रस्त्यानं ट्राम जात नाही.' पकडली गेले. मग काय, दुसऱ्या दिवशी खरंच बाहेर पडावं लागलं."

टॅक्सी थांबली तेव्हा मी सहज म्हणाले, "मग आज काय पाहिलंत?"

त्या उतरता उतरता थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "हे गेल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं गं." आणि मग टॅक्सीवाल्याला ताटकळत ठेवून त्यांनी मला मी स्वतः पाहिलेलं ते जहाज पुन्हा सगळं सांगितलं. त्यांच्या जहाजाला दोन धुराडी होती. मला एकच दिसलं होतं.

त्यानंतर बँकेतून निघाले की मी त्यांच्याकडे जाऊ लागले. चहा व्हायचा आणि एकमेकींना दिवस सांगायचा. सांगायचं आहे म्हणून मी वाटेत बघू लागले. बढती परत करायचा विषय कधी मागे पडला, ते मला आठवत नाही.

पावसाळा संपता संपता माशीमा बाजाराच्या ओल्या फरशीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. बापीदांनी आणि आणखी दोघांनी उचलून त्यांना हॉस्पिटलात नेलं, तिथून मला फोन केला. मी धावत पोहोचले, तर वेदनेनं चेहरा पांढरा झालेला, आणि तशातही म्हणाल्या, "मासे न खाता मासळीबाजारात पाय मोडून घेणारी मी पहिलीच असेन."

प्रसाद विमानानं आला. ऑपरेशन झालं, आणि मग त्यानं ठरवलं ते योग्यच होतं: आईला पुण्याला न्यायचं. माशीमांनी वाद घातला नाही. निघायच्या दिवशी जिन्यात, दारात, रस्त्यावर माणसं उभी होती. सगळे बंगालीत रडत होते आणि त्या सगळ्यांशी आपल्या त्या विचित्र बंगालीत बोलत होत्या. त्या दिवशी मात्र चुका ऐकून कुणी हसलं नाही.

पुढे मी रजेवर नाशिकला गेले तेव्हा मुद्दाम पुण्याला जाऊन त्यांना भेटले. ती आमची शेवटची भेट. थंडी संपायच्या आत त्या झोपेतच गेल्या.

प्रसादचं घर छान होतं, अकराव्या मजल्यावर. मोकळी हवा, देखणी खोली, दिवसभराची बाई. माशीमा खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, बारीक झालेल्या. मी नेहमीसारखं विचारलं, "आज काय पाहिलंत?" त्यांनी काचेतून खाली बोट दाखवलं. "इथून सगळंच लांब आहे गं. माणसं दिसतात, पण टोप्यांसारखी. प्रसाद फार करतो माझं. त्याला सांगू नकोस."

"खाली जाऊ या," मी म्हणाले. वॉकर घेऊन, एकेक पाऊल टाकत आम्ही लिफ्टपाशी आलो. लिफ्टमध्ये एक मुलगी होती, गळ्यात ऑफिसचं कार्ड, कानाला फोन. दबक्या आवाजात बंगालीत बोलत होती. भात नीट जेवते, खोली चांगली आहे, सगळे चांगले आहेत, असं फोनवर आईला सांगत होती आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. तिनं फोन ठेवला तसं माशीमांनी वॉकरवरून पुढे वाकून विचारलं, "कांदछो केनो, मा?" का रडतेस, बाळ?

मुलगी दचकली. या इमारतीत, नऊवारीत शोभेल अशा म्हातारीच्या तोंडी आपली भाषा ऐकून ती वळून त्यांच्याकडे बघू लागली. माशीमांनी पुढे आणखी दोन-तीन वाक्यं बोलून त्यांत होत्या नव्हत्या त्या सगळ्या चुका केल्या. मुलगी ओल्या डोळ्यांनी हसायला लागली. तळमजला आला, दार उघडलं. कुणी उतरलं नाही. दार बंद झालं आणि वरून कुणीतरी बोलावल्यामुळे लिफ्ट आम्हाला घेऊन पुन्हा वर निघाली.

"आपनि बांगाली?" मुलीनं विचारलं.

कोलकात्यात कुणी गाव विचारलं की माशीमा न चुकता सांगली म्हणायच्या. मी अनेकदा ऐकलं होतं. आता त्यांनी वॉकरवरचा एक हात काढून पदर सारखा केला आणि सांगितलं, "ना. आमि बेहालार मेये."

मी बेहालाची मुलगी.