मिठाची घंटी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मभर गाईंमागे फिरले. त्यांना गुराखी म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "गुराखी दुसऱ्याची गुरं राखतो," ते म्हणायचे, "माझ्या गाई माझ्या आहेत." त्यांच्याबद्दल कोणी तरी नीट लिहायला हवं होतं. दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी बसलो आहे. जमेल तसं लिहितो.

दाजी उंच आणि पायांनी जरा फेंगडे. बोलणं बेताचं. माणसांत बसले की टोपी मांडीवर घेऊन तिची कड चाचपत राहायचे. ताई मला म्हणायची, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्याशी बोलले नसतील तेवढं त्या तांबडीशी बोलतात. पुढच्या जन्मी गाय होईन म्हणते, निदान विचारपूस तरी होईल."

त्यांचं घर वस्तीतलं शेवटचं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून गोठा. हिवाळ्यात त्या भिंतीला पाठ टेकून बसलं की पलीकडच्या जनावरांची ऊब लागायची. घरामागून जंगल सुरू व्हायचं, सरळ उंच झाडांचं, आत दिवसाही काळोख. चढ संपला की झाडं एकदम मागे राहायची आणि वरचं कुरण लागायचं. उन्हाळाभर दाजी तिथे गाई घेऊन राहत. एक खोली, एक लोखंडी शेगडी, एक खाट आणि भिंतीवर खिळेच खिळे. कुरण त्यांच्या मालकीचं नव्हतं. जंगल खात्याची परवानगी दरवर्षी नवी करून घ्यावी लागे. आजोबांपासून ती मिळत आली होती, त्यामुळे ती कधी मिळणार नाही असं कोणाच्या मनातही आलं नाही. कुरण गेलं तर गाई जाणार, आणि गाई गेल्या तर दाजी म्हणजे कोण, हे बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग सायकलींचा मार्ग आला. जाड दातेरी टायरांच्या त्या डोंगरी सायकली. पूर्वी ज्या वाटेने ओंडके ओढून खाली आणत, तीच वाट साफ करून जंगलातून वर न्यायची, कुरणाच्या कडेने डोंगराच्या धारेपर्यंत न्यायची आणि पलीकडे उतरवायची, असा बेत. त्यासाठी एक समिती झाली. सचिव शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर. आम्ही सगळे त्यांच्या शिट्टीवर धावलेलो, म्हणून त्यांना अजूनही शिट्टीसरच म्हणतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या सभागृहात बैठक झाली. गाईवाल्यांची तक्रार एकच होती. सायकल आवाज न करता येते, वळणावर एकदम समोर उभी राहते, आणि गाय बिचकली की दरीत जाते. कोणी म्हणालं भोंगा लावा, कोणी म्हणालं ओरडत या. बराच वेळ नुसता कालवा. आणि मग दाजी उभे राहिले. चारचौघांत ते उभे राहिलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. ताईने माझा दंड धरला.

"भोंग्याने गाय बिचकेल," दाजी म्हणाले. "सायकलच्या ट्रिंगट्रिंगनेही बिचकेल. तिला ओळखीचा आवाज पाहिजे." त्यांनी खिशातून पितळेची एक छोटी घंटी काढली. लोलक असलेली, आपोआप किणकिणणारी. "अशी बांधा पुढच्या दांडीला. हिला आमच्या गाई कधी बिचकत नाहीत."

आमच्याकडे प्रत्येक गाईवाल्याच्या खिशात तशी घंटी असायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिट्टीसरांनी घंटी हातात घेऊन हलवून पाहिली, म्हणाले, "याला म्हणतात अनुभव!" आणि टाळ्या झाल्या. दाजी कानापर्यंत लाल झाले. घरी येताना ताई म्हणाली, "आता तुम्ही निवडणुकीला उभे राहा." ते हसले. त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

समितीने हुबेहूब तशाच घंट्या घडवून घेतल्या. घंटीशिवाय मार्गावर यायचं नाही, असा फलक लागला.

त्या उन्हाळ्यात मी चार दिवस वर राहायला गेलो होतो. दुपार कलली की दाजी सपाट दगडांवर जाडं मीठ टाकायचे आणि खिशातली घंटी वाजवायचे. कुठे कुठे पांगलेल्या गाई माना वर करून यायच्या, जड पोटं हलवत, जवळजवळ पळत. लहानपणापासून पाहिलेलं दृश्य. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात जंगलाच्या तोंडातून सायकलवाल्यांचा एक घोळका बाहेर पडला. किणकिण, किणकिण. दगडावरचं मीठ सोडून अर्धा कळप वळला आणि वाटेकडे चालू लागला.

मी हसलो. दाजी हसले नाहीत.

सायकलवाल्यांना फार आनंद झाला. ते उतरले, फोटो काढू लागले. "किती प्रेमळ आहेत हो!" एक बाई म्हणाली. तांबडीने तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चाटला. दुसरीने एकाच्या पाठपिशवीचा पट्टा चघळायला घेतला, तिसरी हातमोज्यामागे लागली. एवढा चढ चढून आलेली ती माणसं घामाने निथळत होती.

"घामाला मीठ असतं," दाजी हळूच म्हणाले. मग खाली बसले. "अरे, मी काय करून बसलो! बिचकत नाहीत म्हणालो. बिचकत नाहीतच. बोलावलं म्हणून येतात."

सभागृहात आम्ही एवढे सगळे बसलो होतो, सगळ्यांच्या खिशात घंट्या, आणि ही गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नव्हती. आमच्या कानांना तो आवाज म्हणजे सगळं ठीक असल्याची खूण. गाईच्या कानाला तो काय सांगतो, याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

दाजींनी आपली घंटी बंद केली. मीठ टाकताना डबा बडवू लागले. गाई डब्याला येऊ लागल्या आणि घंटीलाही येत राहिल्या. कारण घंटीला रोज मीठ मिळतच होतं, उलट जिवंत, गरम मीठ. हाकलल्या तर दुसऱ्या बाजूने यायच्या. काठी मारणं दाजींच्या स्वभावात नव्हतं.

"शिट्टीसरांना जाऊन सांगा," ताई म्हणाली. "म्हणावं चुकलं, घंट्या काढा."

"हसतील लोक."

"हसू देत की! हसण्याने काय अंगाला भोकं पडतात?"

"बघू. थंडी पडली की सांगतो."

थंडी पडली, गाई खाली आल्या. दाजी गेले नाहीत. उभ्या जन्मात एकदा त्यांना टाळ्या मिळाल्या होत्या, त्या परत करायला त्यांचं पाऊल उचलेना. मी सांगायला जातो म्हणालो, तर माझ्यावरच उखडले. "तू मध्ये तोंड घालू नकोस." मग मीही तोंड मिटलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच व्हायचं ते झालं. जंगल संपतं तिथल्या वळणावर एक तरुणी वेगाने खाली येत होती. नियमाप्रमाणे घंटी बांधलेली. आवाज ऐकून तांबडी वाटेच्या मधोमध येऊन उभी होती. मुलीच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, गुडघ्याचा चुरा झाला. तांबडीला ओरखडाही नाही. ती पडलेल्या मुलीचा गळा चाटत होती, असं मागून येणाऱ्याने सांगितलं. दाजी त्या मुलीला पाठुंगळी घेऊन जंगलातून खाली आले. अर्ध्या वाटेवर ती बेशुद्ध झाली. घरी आल्यावर ताईने पेला ओठांना लावून त्यांना पाणी पाजलं.

परत तेच सभागृह. आता मागणी अशी होती की कुरणावर गाई नकोत. दाजी पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मिठाचं, घंटीचं, घामाचं. खरं तेच सांगितलं, पण सांगताना अडखळत होते, आणि "त्यांना वाटतं तुम्ही मीठ आहात" असं काहीसं म्हणून गेले. सभागृहात हशा पिकला. आमची गाईवाली मंडळीसुद्धा हसली. शिट्टीसर हसले नाहीत, पण टेबलावर हात ठेवून म्हणाले, "अहो, पण घंटीची सूचना तुमचीच होती ना?"

"माझीच."

"मग आता वर्षभराने तुम्ही म्हणता घंटी वाईट. उद्या आणखी काही म्हणाल. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

दाजींनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. तिथे माझी भाची बसली होती, त्यांची एकुलती एक मुलगी. मार्ग सुरू झाल्यापासून तिने आणि जावयाने दाजींच्याच घराचा वरचा मजला सायकलवाल्यांना राहायला द्यायला सुरुवात केली होती, आणि खोल्या रिकाम्या राहत नव्हत्या. ती बोलकी आहे, चारचौघांत बोलायला भीत नाही. एक शब्द बोलली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. ती आपल्या पर्सची चेन उघडत मिटत बसली.

जंगल खात्याने पुढच्या वर्षाची परवानगी दिली नाही.

घरी जाताना दाजींनी तिला विचारलं, "तू का गप्प बसलीस?"

"काय बोलू बाबा? गाईंच्या बाजूने बोलले तर पाहुणे बंद. पाहुण्यांच्या बाजूने बोलले तर तुम्ही दुखावणार. मग मूग गिळून बसले." आणि थोडं चालल्यावर, "आणि तुमचं वयही झालंय. किती दिवस चढणार होता?"

"पाय माझे दुखतात की तुझे?" दाजी म्हणाले. त्यानंतर त्या दोघांत फार दिवस धड बोलणं नव्हतं.

उन्हाळाभर विकतचा चारा घालणं परवडणारं नव्हतं. गाई खोऱ्यातल्या मोठ्या दूधवाल्याने नेल्या. गाडीत चढताना एकही गाय अडली नाही. त्याने पाटीत मीठ ठेवलं होतं. दाजी अंगणात नव्हते, आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. शिट्टीसर आठवड्याने आले, मार्गाची देखभाल करायला माणूस हवा आहे म्हणाले, पगारही बरा सांगितला. ताईनेच त्यांना दारातून वाटेला लावलं.

गोठा धुऊन, चुना मारून, आता तिथे पाहुण्यांच्या सायकली ठेवतात. स्वयंपाकघराची ती भिंत हिवाळ्यात गार पडते. ताईने तिच्याजवळची खुर्ची हलवली.

पाहुण्यांना दिलेल्या नकाशावर वरच्या कुरणात अजून गाईचं चित्र आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. त्यामुळे सकाळी चहाच्या टेबलावर कोणी ना कोणी विचारतंच, "वर गाई दिसल्या नाहीत हो, कुठे गेल्या?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा दाजी कोपऱ्यात पाव खात होते. मान वर न करता म्हणाले, "त्यांना सायकल शिकायला सांगितली होती. जमली नाही." सगळं टेबल हसलं. भाचीही हसली. बापलेकीतला अबोला त्या सकाळी सुटला, हे मला ताईने डोळे पुसत सांगितलं. ती कशाने रडत होती, मी विचारलं नाही.

आता ते रोजचंच झालंय. नवे पाहुणे बसले की भाची म्हणते, "बाबा, ते गाईंचं सांगा ना." दाजी सांगतात. तेच शब्द, तिथेच थांबणं. लोक हसतात, कोणी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतं. कुरणावर ते पुन्हा गेले नाहीत. मी एकदा गेलो होतो, गवत कमरेएवढं वाढलंय आणि कडेने काटेरी झुडपं आत सरकू लागली आहेत. त्यांना सांगितलं नाही.

मागच्या खेपेला आम्ही दोघेच अंगणात बसलो होतो. न राहवून मी म्हणालो, "दाजी, कशाला सांगता ते रोज?"

ते टोपीची कड चाचपू लागले. मग म्हणाले, "खरं सांगितलं होतं तेव्हाही हसलेच होते ना? मग हेच बरं. पोरगी तरी बोलते."

आतून भाचीने हाक मारली, "बाबा, येता का? मंडळी बसलीत." दाजींनी गुडघ्यांवर हात टेकले, उठले, आणि आत गेले.