पान एकशे बारा

सकाळचे साडेदहा. वाशीम, बसस्टँडमागची टायपिंग इन्स्टिट्यूट. सत्तरच्या दशकात मी तिथं रोज बातमी टाइप करायला जायचो. बातमी दोन दिवसांत शिळी व्हायची, किस्से मात्र साठत गेले. कारण कोपऱ्यातल्या टेबलावर रिटायर झालेले खडसे मास्तर बसायचे. पीएच.डी.चे प्रबंध टायपिंगला येत, आणि आधी त्यांची भाषा मास्तर तपासत.

*

एकाने आभाराची नऊ पानं आणली, निष्कर्षाचं दीड. कुलगुरूंपासून सासऱ्यांपर्यंत सगळे होते.

मास्तर म्हणाले, "भाऊ, एवढे लोक कामाले लागले, अन् निंगालं दीड पान?"

*

एका लेक्चररने शेवटचं प्रकरण कोरंच ठेवलं. "निष्कर्ष तुमीच लिहा ना मास्तर."

"लिहितो. मंग तोंडी परीक्षेले बी मीच जातो. डिग्री कोणाच्या घरी लावू, तेवढं सांगा!"

तो परत आला नाही. पुढे विभागप्रमुख झाला. मला त्याचं हसू येत नाही.

*

देवराव केनवड गावचा, बौद्ध शेतमजुराचा मुलगा, कॉलेजात टेम्पररी. डिग्री मिळाली तरच नोकरी टिकणार होती. विषय होता गावातले पाणवठे. पान एकशे बारावर एका बाईचं बोलणं होतं : "विहीर खंदाले आमी होतो. पानी लागलं तशी आमाले दोरी लावू देली नाई."

गाईडने समासात लिहिलं होतं : भाषा अशुद्ध. काढावे.

मास्तरांनी चष्मा काढला. "भाषा पाहाचं काम माहं हाय. बाईचं बोलनं शुद्ध हाय."

"सही त्याहीचीच लागते, मास्तर."

"मंग काढू?"

देवरावने ते पान पुन्हा वाचलं. "नोका काढू. त्या बाईपुढं कोन्या तोंडानं जाऊ?"

पान राहिलं. गाईडने सही केली. बांधलेल्या चारही प्रती आम्ही तिघांनी पान पान उलटून पाहिल्या आणि देवराव त्या विद्यापीठात देऊन आला. डिग्री मिळाली.

वर्षभराने मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यातली एक प्रत मागवली. एकशे अकरानंतर एकशे तेरा!

ग्रंथपाल म्हणाले, "अशीच आली." गाईड म्हणाले, "बाइंडरला विचारा." कुलसचिवांना मी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

प्रतीच्या शिवणीत मात्र बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिल्लक आहे. ब्लेडने सरळ कापलेली.