निघाला तरी व्हता का?

दुपारचे दोन वाजायला आलेत. जिल्ह्याच्या वाचनालयात वरच्या मजल्यावरच्या संदर्भ विभागात पंख्याची घरघर सोडली तर कसलाच आवाज नाही. हणमंत सुताराच्या पुढ्यात सत्तर वर्षांपूर्वीच्या एका साप्ताहिकाचे बांधलेले अंक उघडे आहेत, आणि शेजारी त्याची दोनशेपानी वही. एक बातमी वहीत उतरवून झाली आहे. आता उठून ग्रंथपाल शिरगुप्पेबाईंना सांगायला हवं, बहिणीला फोन लावायला हवा. पण तो जागचा उठत नाही. एखादं अवजड लाकूड कुणाच्याही मदतीशिवाय वर चढवावं आणि मग त्याच लाकडाला टेकून बसावं, तसा तो बसला आहे. डोळे मिटतात. मिटल्यावरही त्या बारीक टायपातल्या ओळी दिसतच राहतात, मग हळूहळू त्यांचा काळेपणा पातळ होत जातो.

"हणमा, इथं चपला काढायच्या का रं?"

दारात अक्का उभी आहे. आईला घरात सगळे अक्काच म्हणायचे. हौसाक्का. तिला जाऊन चौदा महिने झालेत, हे हणमंतला माहीत आहे. पण ती दारात उभी राहून चपलांचं विचारते आहे, त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

"नको, अक्का. असू दे पायात."

तरी ती काढतेच. पदर सावरत आत येते आणि कपाटांकडे मान वर करून बघते. देवळाच्या कळसाकडे बघावं तशी.

"एवढं सगळं कुणी लिवलं?"

"लोकांनी."

"आनि तू वाचलंस?"

"सगळं कुठलं? तुझ्यापुरतं."

अक्काला वाचता येत नव्हतं. सात वर्षांची असताना ती आईला मुकली. बापाने तिला कुरणवाडीला मामाच्या घरी आणून सोडलं. बाप नांदवडीचा सुतार, केदारी त्याचं नाव. डाव्या हाताची करंगळी लाकूड तासायच्या वाकसाखाली सापडून तुटलेली. जाताना तो लेकीला म्हणाला, "कामावर चाललोय. चार पैसं गाठीला बांधतो, घराचं छप्पर शाकारतो, आन् पंचमीला तुला न्यायला येतो." पंचमीला गावोगावच्या लेकी माहेरी जातात. कुरणवाडीच्याही घराघरांतून पोरी आल्या, गेल्या, चिंचेला झोके बांधले गेले. हौसा दोन दिवस वेणी घालून सोप्यावर बसून राहिली. बाप आला नाही. पुढच्या पंचमीलाही नाही. मामा एकदा नांदवडीला जाऊन आला. घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले, आषाढापासून दिसलाच नाही. मग कुणीतरी म्हणालं की त्याने तिकडे कर्नाटकात दुसरं लग्न केलं. ते एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी मानलं. मामी भांडली की म्हणायची, "बापानं टाकल्याली, माझ्या पदरात पडली."

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेत बापाच्या नावामागे श्रीयुत छापायचं की कैलासवासी, यावर मामाच्या घरात अर्धा दिवस वाद झाला. शेवटी बापाचं नावच घातलं नाही.

पोरांना हे सगळं मामाच्या घरून कळलं होतं. तिने त्यांच्यापुढे बापाचा विषय कधी काढला नाही. काढला तो एकदाच, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात. हणमंतचा हात धरून म्हणाली, "आला न्हाई ते दिसलंच. एवढंच बग, घरातनं निघाला तरी व्हता का?"

हणमंत एसटीच्या वर्कशॉपमधून नुकताच निवृत्त झालेला. तिचे दिवस झाले आणि तो कामाला लागला. पण हाती लागेना काही. नांदवडीच्या शाळेचं दप्तर वाळवीने खाल्लेलं, तिथल्या म्हाताऱ्यांना केदारी सुतार आठवत नव्हता. कुणीतरी वाचनालयाचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी तो बिचकतच आला. संदर्भ विभागाच्या शिरगुप्पेबाईंनी सगळं ऐकून घेतलं, वर्गणी भरून घेतली, आणि वर फुकट एक सल्ला दिला: "काका, नाव शोधत बसू नका. साध्या माणसाचं नाव छापलं जात नाही. ते कुठल्या वाटेने येणार होते, ती वाट शोधा." जुने नकाशे त्यांनीच काढून दिले. नांदवडी, कुरणवाडी, मध्ये कृष्णा. आणि मग त्या काळच्या साप्ताहिकाचे श्रावणातले अंक. साल नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून तीन वर्षांचे. दर मंगळवार-शुक्रवार तो यायचा. आज सकाळी अकराच्या सुमाराला ते पान निघालं.

"मग?" अक्का विचारते. ती त्याच्या समोरच्या बाकावर बसली आहे आणि तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हातारीच आहे, केस पांढरे, हातात दवाखान्यात लावलेल्या सुईचा डागही आहे, अंगठ्यावर विळ्याची जुनी चीरही. पण पाय अधांतरी हलताहेत. "सांग की. घावलं का काय?"

"घावलं."

"वाईट हाय?"

हणमंत खाली बघतो. वाचनालयाची फरशी शेणाने सारवलेली दिसते आहे. बाक म्हणजे मामाच्या घराचा सोपा आहे. समोर अंगण, अंगणापलीकडे वाट, आणि वाटेवर कुणी नाही. पंखा फिरतो आहे तो चिंचेच्या फांदीला. खाली कुणा पोरींचा झोका चालला आहे, त्यांच्या बांगड्या ऐकू येतात, पोरी दिसत नाहीत.

"हितंच बसले व्हते मी," अक्का म्हणते. "ह्या खांबाला टेकून. वाच."

"अक्का, आधी ऐक. मला उशीर झाला. तू होतीस तोवर मी हे केलं नाही. रिटायर झाल्यावर बघू म्हणत गेलो. वर्षभर आधी आलो असतो..."

"वाच रं."

तो वही उघडतो. शाळेत धडा वाचावा तसा एकेक शब्द सुटा करून वाचतो.

"कृष्णेत नाव उलटून चार इसम वाहून गेले. नागपंचमीच्या आदल्या दिवशी सायंकाळी कुरणवाडीच्या वाटेवरील भिलाच्या उतारावर पुराच्या लोंढ्यात नाव सापडून ही दुर्घटना घडली. तिघांची प्रेते मिळाली असून ओळख पटली आहे. चौथ्याचा ठाव लागला नाही. त्याचे नाव-गाव समजले नाही. तो सुतारकाम करणारा असून कोठे कालव्याच्या कामावरून आला होता, व त्याच्या डाव्या हातास करंगळी नव्हती, असे बचावलेला नावाडी सांगतो. पंचमीस आपली मुलगी हौसा हिला आणावयास पैलतीरी चाललो आहे, असे तो नावेत सर्वांस सांगत होता."

झोक्याचा आवाज थांबला आहे.

अक्का हलत नाही. मग पुढे वाकून वहीत बघते, जणू आता अक्षरं तिला कळणार आहेत.

"माझं नाव हाय त्यात?"

"आहे. हे बघ. हौ, सा."

"त्याचं न्हाई?"

"त्याचं नाही. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तुझं ठाऊक होतं."

"समद्यांस्नी सांगत व्हता?"

"सर्वांस, असं छापलंय."

ती पदराचं टोक तोंडाशी धरते. हणमंतला वाटतं, आता रडेल. पण ती मान तिरकी करून काहीतरी हिशेब लावत बसली आहे. "आदल्या दिवशी. म्हंजे रातच्याला पोचला असता. मी जागीच व्हते." मग म्हणते, "अजून काय लिवलंय? संपलं?"

"आहे थोडं." हे हणमंतला वाचायचं नव्हतं. सकाळी वहीत उतरवतानाही त्याचं पेन इथे थांबलं होतं. "नाव कलली तेव्हा काखेतले गाठोडे टाकून पोहावयास लाग, असे नावाड्याने त्यास ओरडून सांगितले. परंतु आत मुलीचा नवा परकर आहे, असे म्हणून त्याने ते सोडले नाही."

"यडा!" अक्का एकदम उसळून म्हणते. "टाकायचा व्हता की रं! पोरीला बाप पायजे का परकर?"

आता ते नदीकाठी उभे आहेत. पाणी गढूळ आहे, फुगलेलं, आणि अगदी संथ. कपाटांच्या रांगा दोन्ही काठांवर झाडांसारख्या उभ्या आहेत. अक्का पाण्याकडे बघत अजून तणतणते आहे. "पवाय येत व्हतं त्याला. विहिरीत मला पाठीवर घिऊन पवायचा. हात मोकळं ठिवलं असतं तर..." बोलता बोलता तिचा आवाज उतरतो. सत्तर वर्षं बापावर न काढलेला राग ती दोन मिनिटांत काढते आणि मग तिच्याजवळ रागच उरत नाही. ती खाली बसते, पाण्यात हात घालते, त्याच ओल्या हाताने तोंड पुसते.

"निघाला व्हता," ती म्हणते.

"निघाला होता, अक्का."

"दुसरं लगीन न्हाई, काय न्हाई."

"काही नाही."

"मामी उगंच बोलायची."

"तिला काय ठाऊक? त्या गावात पेपर येतच नव्हता. आणि आला असता तरी वाचणार कोण?"

अक्का हसते. हणमंतला तिचं हे हसणं ठाऊक नाही. ती हसायची तेव्हा नेहमी तोंडावर हात असायचा. आज हात मांडीवर पडलेले आहेत. "आता पत्रिकेत कैलासवासी छापाय हरकत न्हाई बग," ती म्हणते, आणि स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा हसते.

"अक्का, मला खरंच उशीर झाला. हे तुला दवाखान्यात सांगता आलं असतं तर..."

"तुला उशीर न्हाई झाला. मला घाई झाली." ती त्याच्या गुडघ्यावर हात टेकून उठते. हाताचं वजन त्याला जाणवतं. "आनि दवाखान्यात मला कुठं ऐकू येत व्हतं धड? हितं कसं, समदं निवांत. येकदा अजून वाच. माझ्या नावापास्नं."

तो पुन्हा वाचतो. या वेळी शब्द सुटे पडत नाहीत. पंचमीस आपली मुलगी हौसा हिला आणावयास. ती ओठ हलवत त्याच्यामागून म्हणते. काठ, पाणी, झाडं जागची सरकून परत टेबल झालं आहे. टेबलावर शिक्क्याचं जांभळं पॅड आहे. कुणी ठेवलं कुणास ठाऊक.

"आण," अक्का म्हणते. "अंगठा दिते."

"कशाला गं?"

"ऐकलं म्हनून. आजवर काय थोड्या कागदांवर दिला? रेशनला दिला, जमिनीच्या वाटणीत दिला, दवाखान्यात चार जागी दिला. कुनी वाचून दावलं व्हतं? ह्यो पयला कागुद मला वाचून दावलेला. दोनदा." ती पॅडवर अंगठा दाबते, जपून, कडेपासून कडेपर्यंत फिरवून. ऑफिसातला माणूस हात धरून फिरवायचा, तसा. फक्त आज तिचा हात कुणी धरलेला नाही. "कुठं देऊ? खाली?"

"खाली दे."

"तू घरला जा आता. जेवला न्हाईस."

"आणि तू?"

तिने चपला घालायला सुरुवात केली आहे. डावी, मग उजवी. "मी जाते की त्येच्याकडं," ती सहज म्हणते. "इतकी वर्सं मीच तोंड फिरवून बसले व्हते."

"काका... अहो सुतारकाका."

शिरगुप्पेबाई टेबलाशी उभ्या आहेत. खिडकीतून ऊन सरकून कपाटांवर गेलं आहे. हणमंत दचकून सरळ बसतो. गालावर वहीच्या तारेचा वळ उठला आहे.

"डोळा लागला वाटतं. असू दे, इथे बऱ्याच जणांचा लागतो," त्या म्हणतात. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलतो. "सापडलं?"

हणमंत मान हलवतो. मग त्याला ते तोंडाने म्हणावंसं वाटतं, कुणीतरी ऐकावं असं वाटतं. "निघाले होते, बाई. माझे आजोबा. आईला न्यायला निघाले होते."

शिरगुप्पेबाई शेजारची खुर्ची ओढून घेतात आणि बसतात. "वाचा," त्या म्हणतात.

तो वही जवळ ओढतो आणि थबकतो. शेवटच्या ओळीखाली, त्याच्याच अक्षराला चिकटून, एक अंगठा उठलेला आहे. जांभळा, लहानसा, बाईमाणसाचा. मधोमध आडवी पांढरी रेघ आहे, विळ्याने कधीकाळी चिरलेल्या कातडीवर शाई न लागल्यासारखी. हणमंत आपले दोन्ही अंगठे उलटून बघतो. स्वच्छ आहेत.

तो बोटाचं टोक कडेला हलकेच लावून पाहतो. शाई ओली आहे. बाईंना एक मिनिट थांबा अशी खूण करून तो वहीवर वाकतो आणि फुंकर घालत राहतो, ती वाळेपर्यंत.