मीठ पिकवणारा शेतकरी का नव्हे

शेतकरी कोणाला म्हणावे, हा प्रश्न घेऊन मी त्या वर्षी, म्हणजे गेल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, दर रविवारी गिरगावातून चालत बाहेर पडत असे. शाळेत ‘शेतकरी व त्यांचे प्रकार’ हा पाठ मला शिकवावयाचा होता. पुस्तकातील उत्तर सोपे होते. जो जमिनीतून पीक काढतो तो शेतकरी; पावसावर विसंबणारा जिरायतदार, विहिरीवर विसंबणारा बागाईतदार, आणि जमीन दुसऱ्याची असेल तर कूळ. परंतु माझ्या वर्गातील मुलांनी नांगर पाहिलेला नव्हता. त्यांना जवळची उदाहरणे द्यावीत, एवढाच माझा हेतू होता.

उदाहरणे मिळाली. आमच्याच वाडीमागे माडांना शिंपणे करणारा भंडारी होता. परळच्या पुढे रहाटाच्या पाण्यावर माठ, मुळा, वांगी काढणारे माळी होते. आणि वडाळ्याला मिठागरे होती. मीठ हे पीक आहे असे पुस्तकात कोठेही नव्हते. तेथील आगरी मात्र दुसरा शब्दच वापरीत नसत. ‘यंदा मीठ बरा पिकलाय,’ असेच ते म्हणत.

त्यांतील एका जोडप्याशी माझा परिचय झाला. पावसाळा सरल्यापासून ती दोघे एका कोंडीवर, म्हणजे बांधांनी आखलेल्या उथळ चौकोनावर, राबत होती. गाळ उपसावयाचा, तळ पायांनी तुडवून टणक करावयाचा, भरतीचे पाणी घ्यावयाचे, उन्हात आटवावयाचे, पुन्हा घ्यावयाचे. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. आगराचे मालक गिरगावातच, माझ्या शेजारच्या वाडीत राहत.

फाल्गुनात कोंडीवर पहिले मीठ धरले. कुणबी नवा तांदूळ आधी देवापुढे ठेवतो व मग त्याचा भात खातो. त्याचप्रमाणे या घरात पहिले ओंजळभर मीठ देवापुढे ठेवून मग त्या मिठाने रांधण्याची रीत होती. मिठावरील सरकारी पट्टी, म्हणजे कर, भरल्यावाचून मिठाचा खडाही आगराबाहेर न्यावयाचा नाही, असा कायदा. आगरावर पहारा करणारा जुना शिपाई त्या दिवशी पाठ फिरवून विडी ओढीत बसे. यंदाचा शिपाई नवा होता. घरी निघालेल्या आगऱ्याला त्याने अडवले.

‘काय रे, पानात काय बांधलंस?’

‘देवाचा हाय. पयला मीठ.’

‘मग देवाला सांग, पट्टी भर आणि परवाना काढ!’

बायको बांधावरून ओरडली, ‘अरं, तुझे आयशीनं तुला पाजला, तवा परवाना बघितलास काय?’

आसपासच्या कोंड्यांवर हशा पिकला, आणि त्या हशानेच घात केला. शिपायाने पान हिसकावून चिखलात टाकले आणि चोरीची वर्दी मालकांकडे धाडली. आगऱ्याचा चेहरा उतरला.

‘मास्तर, शेठ तुमचे शेजारी ना? तुमी जरा बोला. आता कोंडी काढून घेतली तर सारी मेहनत फुकट गेली, पावसापरयंत खायाचा काय?’

मी त्याच संध्याकाळी गेलो. मालकांच्या दाराला दसऱ्याचे नवे, म्हणजे भाताच्या लोंब्यांची जुडी, वाळून अजून लटकत होते. ती जुडी त्यांच्या कोकणातील गावाहून आगबोटीने येई.

‘बसा मास्तर,’ ते म्हणाले. ‘पण रदबदली करू नका. चोर तो चोर. माझा आगराचा परवाना धोक्यात येतो.’

‘शेतकऱ्याने आपल्या पिकातील ओंजळभर घरी नेले, त्यास आपण चोरी म्हणता?’

ते मोकळेपणाने हसले. ‘त्याला शेतकरी कोणी केले? तो मजूर. शेतकरी आम्ही. पिढीजात.’

‘आपण नांगर शेवटचा कधी धरलात?’

‘नांगर धरायला कुळे आहेत की!’

त्याच आठवड्यात कोंडी दुसऱ्याला दिली गेली. तयार तळ, आटत आलेले पाणी, बांधावर ओढलेला मिठाचा पांढरा ढीग, सारे जेथल्या तेथे राहिले. ती दोघे परळला एका गिरणीच्या पायाची माती वाहू लागली.

मला आजही संताप येतो, तो शिपायापेक्षा मालकांच्या त्या हास्याचा. ज्याच्या पायाला माती लागत नाही तो स्वतःस शेतकरी म्हणवितो आणि सभेत त्याला कोणी अडवीत नाही. माळी आपला मुळा खातो, भंडारी आपला नारळ फोडतो, कूळसुद्धा खंड भरून उरलेला दाणा घरी नेते. एकटा मिठाचा शेतकरी आपल्या पिकाची चव घेतो तेव्हा त्याचे नाव चोर. वर्गात पाठ शिकविताना मी पुस्तकातील प्रकारांत या एका प्रकाराची भर घातली. तपासणीस आलेल्या साहेबांनी ती पाठास सोडून आहे म्हणून गाळावयास सांगितली; मी ती गाळली नाही.

वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर जाऊ नये. फाल्गुन-चैत्रात वडाळ्यास जावे, मिठागराजवळच्या कोणत्याही घरात चुलीपाशी ठेवलेले मीठ कोठून आणले, आगरातून की दुकानातून विकत, ते विचारावे, आणि हे खरे की खोटे ते स्वतः ठरवावे.