फितीचं दुसरं टोक

लग्न होऊन मी म्हसळ्याजवळच्या सासरी आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. नव्हते ते फक्त हे. ह्यांची नोकरी मुंबईला, एका सरकारी कचेरीत, भूगर्भाच्या कामावर. कचेरीतल्या आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहायचे. तिथे बायकोला कुठली जागा? म्हणून मी गावी आणि हे तिकडे. रजा मिळाली की भाऊच्या धक्क्यावरून बोटीने निघायचे, पुढे मचव्याने खाडीतून यायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे भेटही बंद.

आले तरी भेट म्हणावी अशी व्हायची नाही. रात्री पुरुष ओटीवर, बायका माजघरात. दिवसा थोरांच्या देखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मी ताट वाढायचे आणि आतून ह्यांचा आवाज ऐकत बसायचे. परत गेले की काय काय सांगायचं राहिलं ते आठवत राहायचे.

साठ सालानंतर घाटापलीकडे जमीन हादरल्याच्या बातम्या अधूनमधून यायला लागल्या. कोकणच्या बाजूला जमीन कुठे सरकते आहे का, हे ह्यांच्या कचेरीला बघायचं होतं. आमच्या घरामागच्या टेकडीवर कातळ उभा फाटलेला होता, एक बाजू दुसरीपेक्षा हातभर खाली. ही भेग ह्यांनी लहानपणापासून पाहिलेली. ह्यांनी साहेबांना ती सुचवली आणि साहेबांनी मान्य केलं. भेगेच्या दोन्ही अंगांना खडकात पितळी खुंट्या बसवायच्या, त्यांच्यामधलं अंतर पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजायचं, असं ठरलं.

मोजायला दोन माणसं लागतात. गावातला एक गडी ठरवला होता, पण ऐन वेळी तो भाताच्या झोडणीला गेला. ह्यांनी मामंजींना विचारलं, फीत धरायला हिला नेऊ का? मामंजी म्हणाले, सरकारी काम आहे, जाऊ दे.

आम्ही उजाडता उजाडता वर गेलो. ऊन चढलं की पोलादी फीत तापून लांबते, मग आकडा खोटा पडतो, म्हणून गारव्यातच मोजायचं. हे भेगेच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. फितीला ओढ दाखवणारा ताणकाटा लावलेला असे. प्रत्येक वेळी ओढ सारखी हवी, नाहीतर मागच्या आकड्याशी मेळ बसत नाही. "घट्ट धर," हे म्हणाले, "पण ओढू नकोस. ओढ मी लावतो." लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं आणि ह्यांनी मला एवढं मोकळेपणाने सांगितलेलं ते पहिलंच वाक्य.

मोजून झालं तरी आम्ही लगेच उतरलो नाही. एकदा मोजून काही कळत नाही, असं हे मला समजावत होते. पुन्हा मोजायचं, फरक किती पडला आणि मध्ये किती काळ गेला ते बघायचं, तेव्हा वेग कळतो. मग मुंबईची खोली, खानावळीतली आमटी, माझं माहेर, सगळं निघालं. खाली येईपर्यंत सासूबाईंची न्याहारी निवून गेली होती. त्यांनी ती पुन्हा चुलीवर ठेवली.

पुढली तीन-चार वर्षं मी मोजणीच्या त्या दोन सकाळींवर काढली. गडी मोकळा असला तरी त्याला कोणी बोलावलं नाही. आकडा मात्र हलेना. जो काही केसभर फरक दिसे तो उष्णतामानाचा हिशेब केला की मिटून जाई. एका मे महिन्यात हे माझ्या पुढे भराभर वर चढून गेले. मोजून झाल्यावर म्हणाले, साहेब काम बंद करताहेत. भेग जुनी आहे, मेलेली आहे.

मी टोक हातात धरून तशीच उभी राहिले. "मी जरा जास्त ओढलं तर?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग भेग नाही, तू हललीस असं लिहावं लागेल," म्हणाले, आणि फीत गुंडाळायला लागले.

त्यानंतर सदुसष्टच्या थंडीत एका पहाटे मांडणीवरची भांडी खडखडून खाली आली. आम्ही सगळी अंगणात धावलो. घाटापलीकडे घरंच्या घरं कोसळून माणसं गेली, हे मागाहून कळलं. पण त्या अंगणात माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता हे येतील.

आले. पण बरोबर साहेब होते, कचेरीतली दोन माणसं होती. माझं टोक त्यांच्यातल्या एकाने धरलं. मी मागल्या दारी चुलीवर चहाचं आधण ठेवून टेकडीकडे बघत होते. झाडांआडून ह्यांचा पांढरा सदरा तेवढा दिसायचा. भेग तसूभरही हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडळी निघायच्या बेतात होती. ओटीवर मामंजी आणि साहेब बसलेले. हे सरळ माजघराच्या दारात आले आणि सगळ्यांच्या देखत आपल्या आईला म्हणाले, "हिला घेऊन जातो. कुर्ल्याला अर्धी खोली मिळते आहे, पडदा लावून राहू."

घरात असं कधी कोणी बोललं नव्हतं. मी खाली मान घालून उभी. सासूबाईंनी हातातली परात ठेवली आणि पदराला हात पुसले.

"साहेबांना जाऊ दे पुढे," त्या म्हणाल्या. "तुम्ही उद्याच्या बोटीने जा. पोरीला आमसुलं बांधून द्यायचीत, त्यांना अजून एक ऊन दाखवायला हवं."

दिवसभर त्या सूप घेऊन उन्हात बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, मुंबईला पाणी किती वेळ येतं?